बेसिनसमोरचं स्टूल

आमच्या खारूनं आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा काय काढलं असेल, तर बेसिनची तोटी. असं आमच्या घरात सगळ्यांना वाटायचं. रोज सकाळी चहा झाला की ही बाई वही घेऊन बेसिनसमोर स्टूल टाकून बसायची, आणि विचारलं की म्हणायची, "तोटी काढतेय."

खारू म्हणजे माझी धाकटी नणंद. खरं नाव वेगळं आहे, पण ते फक्त ऑफिसच्या कार्डावर. एक पेन कानामागे, एक केसांत, एक तोंडात, आणि तरी "माझं पेन कुणी घेतलं?" म्हणत घरभर पळापळ, म्हणून खारू. फारच डोक्यावर बसली की मी तिला वन्सं म्हणते, म्हणजे लगेच खाली उतरते.

ती कार्टूनवाली आहे. तिला हा शब्द खपत नाही. "वहिनी, अ‍ॅनिमेशन आर्टिस्ट म्हण."

"बरं. मग मी पण हेअर आर्टिस्ट."

माझं सलून आहे, कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाच्या शेजारी. दिवसभर कात्री, ड्रायर आणि आरसे. त्यामुळे माणसं कशी दिसतात यातलं मलाही थोडंफार कळतं, असा माझा आपला समज होता.

खारूचं काम प्राण्यांचं. सिनेमातला प्राणी पडद्यावर पळायला लागण्याआधी तो दिसतो कसा, बसतो कसा, खोटं बोलताना कुठे बघतो, हे कुणीतरी ठरवायला लागतं. ते ही ठरवते. मग तिच्या चित्रांवरून बाकीची मंडळी तो प्राणी हलवतात. मला आधी वाटायचं, त्यात काय एवढं, मांजर म्हणजे मांजर. एकदा तसं बोलून बसले. तिनं मला अख्खा रविवार मांजरं दाखवली. पुन्हा तोंड उघडलं नाही.

तिचे नियम कडक. घरात खोडरबर ठेवायचं नाही. पेननं काढायचं, चुकलं तर चुकलेलं तसंच राहू द्यायचं आणि शेजारी दुसरं काढायचं. आधी पाठीची रेघ, मग पाय जमिनीवर कुठे टेकलेत ते, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, माणूस तोपर्यंत हलला नाही तर. चित्र पुरं झालं की ते बेसिनवरच्या आरशासमोर धरून बघायचं. आरशात आपलंच चित्र परकं दिसतं म्हणे, आणि चूक लगेच डोळ्यात भरते.

"माणूस" म्हटलं, कारण प्राणी काढायचे असले तरी ही वही घेऊन माणसांतच जाऊन बसते. "हाडं बघायला प्राण्यांकडे जायचं, वहिनी. स्वभाव बघायला माणसांत." बसस्टॉप, दवाखाना, सरकारी कचेरी, जिथे लोकांना ताटकळत बसावं लागतं तिथे ही खुशीत. माझ्या सलूनमध्येही कोपऱ्यात येऊन बसते. एक बाई यायच्या, डोकं धुऊन घेताना मान मागे टाकून डोळे असे मिटायच्या की जणू सगळं जग त्यांना वारा घालतंय. काही महिन्यांनी टीव्हीवर एका साबणाच्या जाहिरातीत शहामृग आला आणि मी हातातला कप खाली ठेवला. तीच मान! तेच मिटलेले डोळे! पुढच्या वेळी बाई आल्या तशी मी कात्री शोधायच्या निमित्तानं खाली वाकले. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तो शहामृग पाहिलास का? किती गोड आहे!" माझा जीव भांड्यात पडला.

खारूला सांगितलं तर ती हसली. "कुणी स्वतःला ओळखत नाही. शेजाऱ्याला ओळखतात."

आता आमचे अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे. बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, का उशीर झाला, कोणाच्या चुकीनं झाला, यात उभा जन्म गेला. निवृत्त झाले, पण आमच्या घराची बस अजून त्यांच्याच वेळापत्रकावर चालते. आणि 'गाढव' हा त्यांचा सगळ्यात लाडका शब्द. उशिरा येणारा ड्रायव्हर गाढव, पेपर भिजवणारा पोऱ्या गाढव, टीव्हीवर बातम्या देणारा गाढव, माझा नवरा तर जन्मल्यापासून गाढव. मला तेवढं कधी म्हणाले नाहीत. मनात म्हणत असणार.

खारूनं चित्रकलेच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा मी या घरात नवी होते. अप्पांनी तिच्यासाठी डेपोच्या ऑफिसात शब्द टाकून ठेवला होता, साहेबांनी हो म्हटलं होतं. आणि ही म्हणते, मी कार्टून काढणार. झालं! अप्पांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवायला एकाच टेबलावर बसायचे, ती हाताच्या अंतरावर, आणि मला सांगायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." मी सांगायची, ती द्यायची, ते घ्यायचे. मधल्यामध्ये मी मिठाची बस चालवत होते. त्याच दिवसांत एकदा अप्पा खुर्चीत डुलक्या घेत असताना तिनं त्यांचं चित्र काढायला घेतलं. त्यांचा डोळा उघडला. ते मला नाही, थेट तिला म्हणाले, "माझं चित्र काढायचं नाही. पुन्हा दिसलं तर वही खिडकीबाहेर." एवढ्या दिवसांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

मग सासूबाई आजारी पडल्या आणि गेल्या. घर सुन्न झालं. एका सकाळी अप्पांनी स्वतः चहा केला, भरपूर सांडला, आणि एक कप खारूच्या पुढ्यात ठेवला. माफी नाही, समजूत नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायला लागले आणि मिठाची बस बंद झाली. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले, खोटं कशाला बोलू. चित्राबद्दलचा हुकूम मात्र त्यांनी कधी मागे घेतला नाही, आणि विचारायची छाती कुणाला होती?

आता बेसिनचं सांगते. आमच्या जेवणाच्या खोलीत एका टोकाला खिडकी. खिडकीपासून चार पावलांवर अप्पांची खुर्ची. समोरच्या भिंतीला बेसिन, त्यावर आरसा. खारू बेसिनसमोर स्टूल टाकून बसायची, अप्पांकडे पाठ करून. अप्पा हात धुवायला यायचे, तिच्या खांद्यामागून म्हणायचे, "अजून तोटीच का?"

ती वही छातीशी धरायची. "हो अप्पा. जमत नाहीये."

"गाढव," असं म्हणून ते आपले खुर्चीत जाऊन बसायचे.

एकदा मी टेबल पुसता पुसता वहीत डोकावले. तोटी कुठली आली! पानभर अप्पा. पेपर वाचणारे अप्पा, चष्म्यावरून बघणारे अप्पा, उठणारे, बसणारे, चालणारे अप्पा. ही बया आरशात बघून बापाला काढत होती! मी "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. तिनं डोळे वटारले. मग मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन शपथ घातली. मी पोटात काही ठेवू शकत नाही हे जगजाहीर आहे, पण हे ठेवलं.

आणि खरं सांगायचं तर काढण्यासारखे आहेतच अप्पा. डेपोच्या पायरीवरून पडल्यापासून एक गुडघा नीट वाकत नाही. तो पाय बाहेरून अर्धा गोल फिरवून पुढे टाकतात, आणि टाकला की जरा थांबतात, जमीन जागेवर आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं. राग यायच्या आधी कानाची पाळी ओढतात. पाळी ओढली की आम्ही सगळे पांगतो.

त्यात अलीकडे एक नवीन सुरू झालं होतं. खिडकीची कडी. सकाळी उठायचे, पाय फिरवत खिडकीपर्यंत जायचे, कडी लावायचे, येऊन बसायचे. दोन मिनिटं झाली की पुन्हा उठायचे, तीच कडी, तोच खटका. पुन्हा बसायचे. कधी कधी तिसऱ्यांदाही. "अप्पा, लावलीत की मघाशी," मी म्हणायची. "हं," म्हणायचे आणि पुढच्या दिवशी तेच. माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. सलूनमध्ये येणाऱ्या एकीच्या आईचं असंच गॅस बंद केला की नाही यावरून सुरू झालं होतं, आणि आता ती लेकीला ओळखत नाही. मी नवऱ्याच्या मागे लागले. तो म्हणाला, "वय झालंय." आमच्या ह्यांच्याकडे सगळ्याला हे एकच औषध. शेवटी मीच अप्पांना घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, आज वार कुठला, मघाशी सांगितलेल्या वस्तू कुठल्या. अप्पांनी वार सांगितला, वस्तू सांगितल्या, आणि वर डेपोतून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा म्हणून दाखवल्या, रविवारच्या वेगळ्या. डॉक्टर मला म्हणाले, "यांचं ठीक आहे. माझं काय ते बघायला हवं." परत येताना मला जरा हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा कडी लावायला दोनदा उठले आणि माझं हायसं वाटणं संपलं.

इकडे खारूला तिच्या जन्मातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. अख्खा सिनेमा, आणि त्यातला मुख्य प्राणी हिनं घडवायचा. गोष्ट अशी, की वादळात घरापासून तुटलेली पाच-सहा जनावरं असतात, आणि एक म्हातारा प्राणी त्यांना रागावत, ओरडत, डोंगर ओलांडून घरी घेऊन जातो. तो म्हातारा प्राणी म्हणजे गाढव.

अप्पा जेवताना हे ऐकून म्हणाले, "गाढवावर सिनेमा? तुझ्या ऑफिसातलीच मंडळी घेतली असती."

गाढव काही केल्या जमेना. खारू विटांच्या भट्टीवर जाऊन बसली, खरी गाढवं बघून आली, चपलांना लाल माती घेऊन. आल्यावर जेवणाच्या टेबलावर आम्हाला शिकवणी. म्हणे गाढवाच्या पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो तो गुडघा नव्हेच, ते त्याचं मनगट.

"गाढवाला मनगट असतं?" अप्पांनी विचारलं.

"असतं, अप्पा."

"मग घड्याळ बांधा. वेळेवर तरी चालेल."

आम्ही हसलो, पण खारूच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. सिनेमाच्या दिग्दर्शिका बाई म्हणजे शांत आवाजाचं संकट. खारू चौकोनी गाढव घेऊन गेली, भोपळ्यासारखं घेऊन गेली, हडकुळं घेऊन गेली. बाई प्रत्येक चित्र भिंतीवर लावायच्या, लांब जाऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "गाढव आहे. पण कोण आहे?" भिंत भरली. शेवटी त्यांनी सांगितलं, की सोमवारपर्यंत झालं नाही तर गाढव दुसऱ्याकडे देते, तू सशांचं बघ.

त्या शनिवारी मी तिच्या खोलीत चहा घेऊन गेले तर जमिनीवर सगळीकडे कागद, आणि मधोमध ही मांडी घालून. सगळ्या कागदांवर गाढव. एकीकडे मान, चष्मा नसताना चष्म्यावरून बघितल्यासारखी. पाय बाहेरून अर्धा गोल. रागवायच्या आधी एक कान हळूच खाली येतो, कुणी ओढल्यासारखा. आणि एका कागदावर गाढव फाटकाची कडी नाकानं लावतं, चार पावलं जातं, आणि पुन्हा कडी बघायला मागे फिरतं.

मी चहा टेबलावर ठेवला. "अगं, हे तर..."

"बोलू नकोस," ती म्हणाली.

सोमवारी बाईंनी ती चित्रं भिंतीवर लावली, लांब गेल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. "कोण आहे हा? मला भेटायचंय याला." खारू म्हणाली, "कुणी नाही. असंच सुचलं." त्या मग सिनेमा होईपर्यंत विचारत राहिल्या, आणि ही असंच सुचलं म्हणत राहिली.

सिनेमा तयार व्हायला वेळ लागला. इतका, की आम्ही विसरून गेलो. मग एक दिवस खारू घरी आली ती पांढरी फटक. स्टुडिओनं घरच्या लोकांसाठी खास खेळ ठेवला होता. शनिवारी दुपारी, सगळ्यांनी यायचं.

"अप्पा नाही यायचे," मी म्हणाले. "त्यांना कार्टून कुठे चालतं?"

"निघायचं किती वाजता?" आतून अप्पांचा आवाज.

खारूनं मला पुन्हा स्वयंपाकघरात ओढलं. "वहिनी, काहीतरी कर. ताप आलाय म्हण. त्यांचा गुडघा दुखतोय म्हण."

"त्यांचा गुडघा दुखतोय हे मी त्यांना सांगू?"

"मी बापाचं गाढव केलंय, वहिनी."

मला फस्सकन हसू आलं. मग तिचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी थांबलं. ती म्हणाली, "माझं चित्र काढायचं नाही म्हणाले होते. मी नुसतं काढलं नाही, गाढव काढलं, आणि सगळ्या दुनियेला दाखवणार. ते पुन्हा मीठ तुझ्याकडून मागवतील."

मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, "तूच म्हणतेस ना, कुणी स्वतःला ओळखत नाही?" पण माझ्याच आवाजात दम नव्हता. शहामृगवाल्या बाई वेगळ्या. अप्पांनी जन्मभर डोळ्यांत तेल घालून गाड्यांचे नंबर टिपलेत. त्यांच्या नजरेतून काय सुटणार?

तरी मी माझ्या परीनं प्रयत्न केला. सिनेमा लहान मुलांचा आहे म्हटलं, आवाज फार मोठा असतो म्हटलं, एसी बोचतो म्हटलं. अप्पांनी कपाटातून स्वेटर काढून ठेवला. शनिवारी सकाळीच बूट पॉलिश करून बसले आणि आम्ही सगळे वेळेच्या इतके आधी पोचलो की थिएटरचं दार उघडायला माणूस आला नव्हता. "गाढव," अप्पा दाराकडे बघून म्हणाले. खारूनं डोळे मिटून घेतले.

अप्पा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवरा. खारू मागच्या रांगेत जाऊन बसली, पळायला सोपं म्हणून. दिवे गेले. वादळ आलं, जनावरं भिजली, हरवली, रडली. आणि मग धुक्यातून गाढव आलं. पाय बाहेरून अर्धा गोल फिरवत.

कागदावर बघणं वेगळं आणि ते असं भिंतीएवढं चालताना बघणं वेगळं. अहो, ते अप्पाच होते! चार पायांचे, लांब कानांचे अप्पा. माझ्या नवऱ्यानं पलीकडून वाकून माझ्याकडे बघितलं. कधी नव्हे ते त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. मी त्याला खुणेनं सांगितलं, एक शब्द बोलशील तर खबरदार. पडद्यावर एका बोकडाला उशीर झाला, गाढवाचा कान हळूहळू खाली आला, आणि सगळी जनावरं पांगली. थिएटर हसून हसून लोटपोट. मग ते कडीचं आलं. फाटक लावलं, चार पावलं, मागे फिरलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. एक लहान मुलगी ओरडली, "अहो, लावली की!" सगळे पुन्हा हसले.

अप्पा हसले नाहीत. मी अंधारात तिरप्या डोळ्यांनी बघत होते. त्यांचा हात वर गेला आणि कानाच्या पाळीपाशी थांबला. संपलं, मी मनात म्हटलं. आता मिठाची बस पुन्हा सुरू.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. अप्पा उठून मधल्या वाटेनं दाराकडे निघाले, पाय फिरवत, थांबत. दाराशी दिग्दर्शिका बाई लोकांना नमस्कार करत उभ्या होत्या. त्यांनी अप्पांना चालत येताना बघितलं आणि त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले. तोंड उघडं. मग त्यांनी खारूकडे बघितलं. खारूनं मान हलवून अशी काकुळतीची विनवणी केली की त्या शहाण्या बाईनं उघडलेलं तोंड मिटलं आणि फक्त म्हणाल्या, "सर, कसा वाटला सिनेमा?"

"गाढव चांगलं होतं," अप्पा म्हणाले, आणि बाहेर पडले.

एवढंच. घरी येईपर्यंत बसमध्ये अप्पा खिडकीबाहेर बघत होते, खारू स्वतःच्या नखांकडे, आणि माझा नवरा मला हळूच विचारत होता, "ते आपले अप्पाच ना गं?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. अप्पा त्यांच्या खुर्चीत बसले. मी चहा टाकला. खारूला कुठे जावं सुचेना, तशी ती सवयीनं स्टुलावर जाऊन बसली, पाठ अप्पांकडे, तोंड आरशाकडे. वहीसुद्धा उघडली बिचारीनं. पेन हातात नुसतंच.

"पाय चुकलाय," अप्पा म्हणाले.

गॅसवर चहा उतू गेला.

"कुणाचा?" खारू आरशाकडेच बघत म्हणाली.

"गाढवाचा. माझा डावा दुखतो. तुझं गाढव उजवा फिरवतं. कानही तसाच. मी हा ओढतो." त्यांनी डाव्या कानाची पाळी ओढून दाखवली.

"नाही अप्पा," माझ्या नवऱ्याला नेमकी आत्ताच वाचा फुटली, "तुमचा उजवाच दुखतो, मला आठवतंय."

"गाढवा, गुडघा माझा आहे."

खारूच्या हातातलं पेन खाली पडलं. ती स्टुलावर जागच्या जागी वळली. अप्पा म्हणाले, "आरशातून काढल्यावर उलटंच येणार की. एवढं शिकवत नाहीत कॉलेजात?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुला मी आरशात दिसत होतो ना?"

"हो."

"मग मला तू दिसत नव्हतीस? आरसा काय एकाच बाजूनं चालतो?"

मी कपाळावर हात मारला. दिवसभर आरशासमोर उभी असते मी! खुर्चीतल्या बाईनं माझ्यामागे तोंड वाकडं केलं तर मला आरशात दिसतं, मी केलं तर तिला दिसतं. उजवीकडचे केस कापा म्हणणाऱ्या बायका आरशात बघून डावीकडे बोट दाखवतात, त्यांना मी रोज समजावते. आणि माझ्याच घरात इतकी वर्षं हे चाललं होतं, आणि मला वाटत होतं गुपित आपल्या दोघींचंच आहे.

"मग बोलला का नाहीत?" खारूनं विचारलं.

"बोललो असतो तर उठून गेली असतीस." अप्पांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. "नको म्हणून बसलो होतो एकदा. ते परत कसं घ्यायचं? तू तोटी तोटी करत बसायचीस, मी बसू द्यायचो. पण बसलेल्या माणसाचं किती काढणार? मी कडी लावायला उठलो की तुझा हात भराभर चालायचा. येऊन बसलो की तुझ्या कपाळाला आठी. म्हणजे पुरं झालं नाही. मग पुन्हा उठायचो."

मी चहाचं पातेलं तसंच हातात धरून दारात उभी. "म्हणजे तुम्ही विसरत नव्हता?"

"विसरायला काय झालं? कडी पहिल्या वेळीच लागते."

मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगू! छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाहेर टाकावा तसं. मी हसत होते आणि डोळ्यांना पदर नव्हता म्हणून पातेलं धरायचं फडकं लावलं. "आणि मी डॉक्टरकडे नेलं तेव्हा नाही का सांगायचं? मी किती घाबरले होते!"

"तुला सांगितलं असतं तर तिला कळलं असतं."

हे मात्र खरं आहे.

खारू उठली नाही, तिथेच बसून डोळे पुसत होती. "अप्पा, पण मी गाढव केलं तुम्हाला. राग नाही आला?"

अप्पांनी थोडा विचार केला. "ती सगळी जनावरं भलतीकडेच गेली असती," ते म्हणाले. "गाढवानं वेळेत घरी पोचवली. त्यात राग कसला?" मग डेपोतल्या आवाजात, "ते स्टूल फिरव."

खारूनं स्टूल फिरवलं. पाठ आरशाकडे, तोंड अप्पांकडे. मी खाली पडलेलं पेन उचलून तिच्या हातात दिलं. अप्पा खुर्चीचे हात धरून उठले, डावा पाय बाहेरून फिरवत खिडकीपर्यंत गेले. डावाच, आता मी नीट बघितलं. कडी लावली, खटका वाजला, तसेच थांबत थांबत परत आले आणि खुर्चीत बसले. मग चष्म्यावरून लेकीकडे बघत विचारलं, "झालं? की परत उठू?"